खिशात विरघळलेलं नाव

...आणि मी काय म्हणतो, शर्ट धुवायला मी सांगितलं होतं का कोणाला? तुम्हीच सांगा. माणसाचा शर्ट आहे, त्याच्या पलंगाच्या दांडीवर टांगलाय, चहाचा डाग पडलाय म्हणून बिचारा गप टांगलेला आहे, त्याला तिथून उचलायचं, साबण लावायचा, घासायचा, पिळायचा, वाळत घालायचा आणि वर घडी करून उशीवर आणून ठेवायचा... कोणी सांगितलं होतं? एवढं एक झालं नसतं ना, तर आज मी तुमच्यासमोर असा खाली मान घालून उभा नसतो. थांबा हं, आधी मला नीट बघू द्या. मागच्या रांगेत आमच्या चर्चचं कोणी बसलेलं नाही ना? ते खांबाच्या आडचे कोण? नाही? नक्की? मग सांगतो. तिकडे हे सांगायची सोय मी ठेवलेली नाही, म्हणून इथे अनोळखी माणसांत सांगतो.

मी धंद्याने शिंपी. दुकान आहे, दोन मशिनं आहेत, आणि तुम्हाला सांगतो, दुकानात कोणाचाही कपडा दुरुस्तीला आला की मी पहिली गोष्ट काय करतो? खिसे तपासतो. चाव्या निघतात, औषधाच्या चिठ्ठ्या निघतात, एका कोटात तर आख्खी कवळी निघाली होती, गिऱ्हाईक दोन दिवस घरी कोणाशी बोलत नव्हतं म्हणे. तीस वर्षं मी लोकांचे खिसे शिवले आणि लोकांचे खिसे तपासले. आणि माझा खिसा? जाऊ दे. ओघाने येईलच.

तर दर उन्हाळ्यात आमच्या चर्चचं तरुणांचं शिबिर असतं. सोमवार ते शनिवार. गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी लांबच लांब पत्र्याच्या इमारती आहेत, एका इमारतीत मुलगे, एकीत मुली, मधे सभागृह, मागे स्वयंपाकघर. मुलग्यांना चार न्हाणीघरं, त्यातल्या दोनांना कडी नाही. मी तिथे बावीस वर्षं जातोय. पुढारी म्हणून! म्हणजे काय करतो? सकाळी सहाला घंटा वाजवतो. मग न्हाणीघराची रांग सांभाळतो, मग अंथरुणांची तपासणी, मग नाश्त्याची घंटा, मग प्रार्थनेची घंटा, मग पवित्र शास्त्राच्या वर्गाची घंटा, आणि मधल्या वेळात, "काका, माझा टॉवेल कोणी घेतला," "काका, ह्याच्या पायांचा वास येतो, मला दुसरा पलंग द्या," "काका, माझी पँट फाटली." शिंपी शिबिराला गेला की पोरांच्या पँटी फाटतात. घरी फाटत नाहीत, तिथे फाटतात! पण माझी तक्रार नाही. खरं सांगायचं तर मला आवडतं. वर्षभर दुकानात मी कोणाची तरी बाही आखूड करणारा माणूस असतो, तिथे सहा दिवस मी घंटेचा मालक असतो. पोरं मला बघून पळतात. माणसाला अजून काय पाहिजे?

आता आमच्या शिबिरात एक प्रथा आहे. गुप्त प्रार्थनामित्र. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या दानाच्या थैलीत टाकायच्या, प्रत्येकाने एक उचलायची. जे नाव येईल, त्या माणसासाठी सहा दिवस रोज सकाळी प्रार्थना करायची, आणि त्याला कळू न देता त्याचं रोज काहीतरी एक चांगलं करायचं. बूट पुसून ठेवा, अंथरूण घालून ठेवा, काहीही. कोणालाही नाव सांगायचं नाही. आणि शेवटच्या दिवशी नाश्ता झाला की सभागृहात सगळ्यांनी जमायचं, आणि एकेकाने उठून आपल्या मित्राच्या मागे जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, की मी होतो. मोठी गोड प्रथा आहे. मोठमोठी पोरं रडतात. पाळकीणबाई, म्हणजे आमच्या पाळकसाहेबांच्या, चर्चच्या धर्मगुरूंच्या, मिसेस, त्यांची ही कल्पना, आणि त्या कुठे यादी ठेवत नाहीत. मी दरवर्षी म्हणतो, बाई, एक यादी असू द्या. तर त्या आपल्या संथ, मधाळ आवाजात, "शिंपीभाऊ, यादी वर आहे." आणि बोट आभाळाकडे. आता वरची यादी मला कशी दिसणार?

चिठ्ठ्या काढायच्या आधी एक छोटं भाषण होतं. कोण करतं? मी करतो. बावीस वर्षं तेच भाषण. आवाज असा खाली आणतो... "मुलांनो, ही चिठ्ठी म्हणजे कागद नाही. ही चिठ्ठी म्हणजे एक माणूस आहे. देवाने एक माणूस तुमच्या हातात दिलाय. त्याला हरवू नका." मागच्या वर्षी एका पोराने चिठ्ठी हरवली, तर त्याला मी सगळ्यांच्या देखत अर्धा तास फैलावर घेतलं होतं. अर्धा तास! शेवटी पाळकसाहेब म्हणाले, अहो पुरे, जेवण थंड होतंय.

ह्या वर्षी सोमवारी मी भाषण केलं, थैली फिरली, मी चिठ्ठी उचलली, आणि बघतो तर चष्मा नाही. चष्मा राहिला खोलीत. आता दुसऱ्याला म्हणावं, जरा वाचून दे, तर गुप्तपणा गेला. म्हटलं नंतर बघू, आणि ठेवली खिशात. वरच्या खिशात, छातीपाशी, कसं छान वाटलं. तेवढ्यात एका पोराचा धक्का लागला, हातातला चहा शर्टावर, पुढे मैदानावर खेळ होते, मी शर्ट काढून दांडीवर टाकला, टी-शर्ट घातला आणि शिट्टी घेऊन पळालो. संध्याकाळी आलो तर शर्ट गायब. मला वाटलं, असेल कुठे. आणि मंगळवारी सकाळी घंटा वाजवून येतो तर उशीवर शर्ट! धुतलेला, डाग गायब, कॉलर ताठ. मी इतका खूश झालो, म्हटलं वा, माझा प्रार्थनामित्र कामाला लागला! शर्ट नाकाशी नेऊन वाससुद्धा घेतला. आणि मग हात खिशाशी गेला.

खिशात काय होतं, माहितीये? एवढीशी पांढरी गोळी. दुखऱ्या दातात भरतात ना कापूस, तेवढी. मी ती खिडकीत नेली, टाचणीने उलगडायला गेलो, तर तिचे आणखी तीन तुकडे झाले. चष्मा लावून बघितलं, उन्हात धरून बघितलं. एक निळसर डाग. संपलं. देवाने माझ्या हातात दिलेला माणूस साबणाच्या पाण्याबरोबर मोरीतून वाहून गेला होता. शर्ट धुवायला कोणी सांगितलं होतं हो?

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, जायचं पाळकीणबाईंकडे आणि सांगायचं, असं असं झालं. बरोबर आहे तुमचं. सरळ माणसाने हेच केलं असतं. मीही निघालो होतो, दारापर्यंत गेलो, आणि दारात कोण? मागच्या वर्षीचा तो पोरगा. अर्धा तासवाला. मला बघून दोन पावलं मागे सरकला आणि आपला खिसा चाचपून म्हणतो, "काका, ह्या वर्षी माझी नीट आहे हां, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलीये." मी म्हटलं, शाबास. आणि परत फिरलो.

प्रार्थना केली नाही असं नाही. मंगळवारपासून रोज सकाळी पाण्याच्या टाकीमागे उभा राहून केली. पण काय? हे प्रभो, नाव आठवू दे. अरे, वाचलंच नाही तर आठवेल कुठून? हे प्रभो, कोणाला कळू नये. हे प्रभो, शनिवारी पाऊस पाडून सभा रद्द कर... सभागृहाला छप्पर आहे हेसुद्धा मला सुचलं नाही. रोजची प्रार्थना फक्त स्वतःसाठी. सांगायला लाज वाटते, पण त्या सहा दिवसांत मी दुसऱ्या कोणाचं नाव देवापुढे काढलं नाही.

मग मी डोकं चालवलं. शिंप्याचं डोकं, माप घेऊन चालतं. म्हटलं, छत्तीस पोरं, मला धरून चार पुढारी, पाळकसाहेब, पाळकीणबाई आणि बाहेरून आणलेले गायनमास्तर, झाले त्रेचाळीस. ज्याचं कोणीतरी काहीतरी चांगलं करतंय, त्याचा मित्र जिवंत आहे, त्याच्यावर फुली. ज्याचं कोणीच काही करत नाही, तो माझा! सोपं आहे की नाही? वहीत नावं लिहिली आणि पाळत सुरू. कोणाचे बूट चकचकीत? फुली. कोणाच्या उशीवर फूल? फुली. एका मुलीच्या पाण्याच्या बाटलीत लिंबाची फोड, फुली. आणि तुम्हाला सांगतो, दुसऱ्यांचं चांगलं होताना बघून मला कधी इतका आनंद झाला नव्हता. कोणाचं अंथरूण घडी केलेलं दिसलं की माझ्या जिवात जीव यायचा.

बुधवारी दुपारी मी चहा मागायला स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेलो. तिथे आमच्या मावशी. म्हणजे कोणाच्या सख्ख्या मावशी नव्हेत, शिबिराच्या स्वयंपाकीणबाई, पण लहानथोर सगळे मावशीच म्हणतात. मी शिबिराला जायला लागलो त्याच्याही आधीपासून त्या आहेत. एवढी मोठी पातेली, एवढे झारे, घामाने चेहरा असा लाल. मला कपात चहा देता देता खिडकीतून वाकून हळूच म्हणाल्या, "भाऊ, ह्या वर्षी माझंपण नाव थैलीत टाकलंय बरं का. पाळकीणबाईंनी. मीपण चिठ्ठी उचललीये." आणि अशा हसल्या, सोळा वर्षांच्या मुलीसारख्या.

इथे मी एक कबूल केलं पाहिजे. शिबिराच्या आधी बैठक झाली होती, त्यात पाळकीणबाईंनी विचारलं होतं की ह्या वर्षी मावशींचंही नाव घालू या का. तेव्हा नको कोण म्हणालं? मी. आणि कसं म्हणालो? काळजीच्या आवाजात. "कशाला बाई त्यांना उगाच त्रास, त्यांना त्यांचं काम आहे तेवढं पुरे आहे." बावीस वर्षं त्या बाईच्या हातचं जेवलो, आणि बावीस वर्षांत सभागृहात त्यांना कधी खुर्चीवर बसलेलं बघितलं नाही. शेवटच्या दिवशी पोरं रडत असायची तेव्हा त्या दारात उभ्या राहून, हात पुसत, बघत असायच्या. आणि मला कधी ते खटकलं नाही.

असो. बुधवारी त्या मला सांगायला लागल्या, की भाऊ, माझा मित्र फार भला आहे. काल गळका नळ कोणीतरी नीट करून गेलं. आज सकाळी बघते तर चुलीपाशी बसायला स्टूल! आता नळ नीट करणारा प्लंबर होता, त्याला पाळकसाहेबांनी मार्च महिन्यापासून बोलावलं होतं. आणि स्टूल गायनमास्तरांनी पेटीसाठी मागवलेलं, चुकून तिकडे गेलेलं, गायनमास्तर सकाळपासून ते शोधत होते. मला दोन्ही माहीत होतं. पण मी काय केलं? वही काढली, चव्वेचाळीसावं नाव लिहिलं, मावशी, आणि त्यांच्यासमोरच फुली मारली. जाडजूड. म्हटलं चला, ह्यांची काळजी नाही, ह्यांचा मित्र खंबीर आहे.

गुरुवारी मी पुन्हा चहाला गेलो तर मावशी रडत होत्या. मी म्हटलं कांदा असेल. कांदा नव्हता. मुलीचा फोन आला होता. चार वर्षं ती मुलगी आईशी बोलली नव्हती. का? तर चार वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळंतपण नेमकं शिबिराच्या आठवड्यात आलं, आणि मावशी लेकीकडे न जाता शिबिराला आल्या. लेक म्हणाली, तुला माझ्यापेक्षा ती पोरं जवळची ना, मग त्यांच्याकडेच राहा. तेव्हापासून बंद. नातू चार वर्षांचा झाला, ह्यांनी त्याचं तोंड बघितलं नाही. आणि गुरुवारी सकाळी फोन, की आई, रविवारी येतेय, त्याला घेऊन. मावशी मला सांगत होत्या, "भाऊ, कोण आहे हो तो? कोण करतंय माझ्यासाठी एवढी प्रार्थना? शनिवारी मी त्याच्या पाया पडणार आहे."

तुम्ही विचाराल, की चार वर्षांपूर्वी मावशी बाळंतपण सोडून शिबिराला का आल्या? कोणीतरी फोन केला होता म्हणून. कोणीतरी म्हणालं होतं, "मावशी, तुम्ही नाही आलात तर चाळीस पोरं उपाशी राहतील हो." कोणी म्हणालं असेल? बघता काय माझ्याकडे असे... माझ्याशिवाय आहे कोण दुसरं तिथे, असली कामं करायला?

पण तेव्हाही माझ्या डोक्यात काय होतं? वही. शुक्रवारपर्यंत त्रेचाळीस फुल्या झाल्या आणि एकच नाव उरलं. गायनमास्तर. आणि ते पटण्यासारखंही होतं, कारण त्या माणसाचं चांगलं करावंसं कोणाला वाटणार? सदा कपाळाला आठ्या. पोरांनी एक सूर चुकवला की पेटी बंद करून डोळे मिटून बसायचे, जणू कोणीतरी वारलंय. मी म्हटलं, सापडलास! आणि पाच दिवसांचं चांगलं एका दिवसात करायला घेतलं. त्यांच्या कोटाचं तुटलेलं बटण लावलं. अंथरूण तीनदा झटकलं. बुटात चॉकलेट ठेवलं, उन्हाळ्याचे दिवस, ते न बघता त्यांनी पाय घातला, आणि मग मोजा धुवायलाही मीच नेला. दुपारी ते पाळकसाहेबांना सांगत होते, "माझ्या सामानाला कोणीतरी हात लावतंय. खोलीला कुलूप द्या." मी शेजारीच होतो. मी म्हटलं, खरंच, पोरं फार चावट झालीत हल्ली.

आला शनिवार. पाऊस नाही, ऊन लख्ख. सभागृहात ओळीने खुर्च्या. आणि पहिल्याच रांगेत खुर्चीवर मावशी. केस विंचरलेले, धुतलेला पांढरा एप्रन, दोन्ही हात मांडीवर, शाळेत नवीन मूल बसतं तशा बसलेल्या. पाळकीणबाई नाव घेत होत्या, एकेक उठत होता, खांद्यावर हात, रडणं, मिठ्या. मी तयारीत. गायनमास्तरांवर नजर ठेवून. आणि पाळकसाहेबांचं नाव आलं, ते सावकाश उठले, आणि जाऊन गायनमास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला! म्हणाले, "मी रोज प्रार्थना केली. वर काही करायला वेळ मिळाला नाही." आणि गायनमास्तर त्यांच्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे चॉकलेट तुम्ही होय?"

नावं पुढे पुढे सरकली. एकेका खांद्यावर हात पडत गेला. आणि शेवटी माझ्या वाट्याला एकच खांदा उरला. मावशी मागे वळून वळून बघत होत्या. आधी हसत होत्या, मग हसू जरा बारीक झालं. मग त्यांनी वळून बघणं बंद केलं आणि एप्रनची नाडी बोटाला गुंडाळायला लागल्या. ते मला अजून दिसतं. पाळकीणबाई म्हणाल्या, "शिंपीभाऊ, आता तुम्ही."

तिथे सांगता आलं असतं. तुम्हाला सांगतो, तोंड उघडलंही होतं. पण चव्वेचाळीस माणसं, आणि समोर तो प्लास्टिकच्या पिशवीवाला. मी गेलो, आणि मावशींच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी वळून बघितलं. "भाऊ, तुम्ही होय," एवढंच म्हणाल्या आणि माझा हात डोळ्यांना लावून रडायला लागल्या. मग उभ्या राहून सगळ्यांना सांगितलं, की माझी लेक उद्या येतेय, चार वर्षांनी, ह्यांच्या प्रार्थनेने. टाळ्या! पाळकसाहेब म्हणाले, शिंपीभाऊ, दोन शब्द साक्ष द्या. साक्ष म्हणजे आपल्या आयुष्यात देवाने काय केलं ते उभं राहून सांगायचं. खोटी साक्ष देऊ नये ही तर आमची दहातली एक आज्ञा, मी लहान मुलांना शिकवतो ती. आणि मी काय केलं? गप्प बसलो? "सगळी देवाची कृपा" म्हणून खाली बसलो असतो तरी चाललं असतं. नाही! मी बोललो. "रोज पहाटे पाण्याच्या टाकीमागे उभा राहून मी मावशींचं नाव घेत होतो..." आवाज असा खाली आणून. मधेच थांबलोसुद्धा, गळा दाटल्यासारखा. आणि गंमत बघा, तो खरंच दाटला होता. एक मुलगी हुंदके द्यायला लागली. माणूस खोटं बोलायला लागला की त्याची किती चांगली तयारी निघते.

आणि एवढ्यावर भागलं नाही! पाळकीणबाई म्हणाल्या, मावशी, आता तुमची चिठ्ठी कोणाची? तर मावशींनी माझा तोच हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "माझी चिठ्ठी ह्यांचीच. मला दुसरं काय येतंय? पहिल्याच दिवशी भाऊंच्या शर्टाला डाग पडलेला दिसला, तो धुऊन ठेवला."

मी खाली बसलो. म्हणजे खुर्ची होती म्हणून बसलो, नसती तरी बसलो असतो. चव्वेचाळीस माणसांची भांडी घासून झाल्यावर त्या बाईने माझा शर्ट घासला होता. आणि मी सहा दिवस जो भेटेल त्याच्याकडे संशयाने बघत, मनातल्या मनात दात खात फिरत होतो, की शर्ट धुवायला कोणी सांगितलं होतं!

घरी आलो. ही म्हणाली, "अहो, काय झालंय? जेवत का नाही?" हिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ही म्हणेल, जाऊ द्या, झालं ते झालं. हिने ऐकून घेतलं, ताट उचललं आणि म्हणाली, "उद्या जा आणि सांगून या. तोवर मला काही बोलू नका." रविवारी, सोमवारी धीर झाला नाही, मंगळवारी गेलो. वाटेत पाठ करत गेलो. मावशी, मी खोटं बोललो, मला बोला, शिव्या द्या, पाळकसाहेबांना सांगा.

दार लेकीने उघडलं. आत दोन खोल्या, मावशी खाली बसून बटाटे सोलत होत्या. घरात माणसं तीन, पातेलं चाळीस माणसांचं, सवय जात नाही ना. नातू बटाट्याची सालं कपाळाला चिकटवून बसला होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं. चष्मा, चिठ्ठी, खिसा, वही, फुली, टाकी, सगळं. बैठकीत नको म्हणालो तेही सांगितलं, चार वर्षांपूर्वीच्या फोनचंही सांगितलं, लेकीच्या देखत. शर्टाचंही सांगितलं. मावशींची सुरी थांबली. म्हणाल्या, "म्हणजे आठवडाभर माझ्यासाठी कोणीच प्रार्थना केली नाही?"

मी म्हटलं, "कोणीच नाही, मावशी."

त्यांनी सुरी खाली ठेवली. मग लेकीकडे बघून म्हणाल्या, "मग तू कशी आलीस गं?"

लेक दारालाच टेकून उभी होती. माझ्याकडे बघून नाही, आईकडे बघून म्हणाली, "आले. तुझी आठवण येत होती म्हणून आले."

आणि मावशींचं तोंड असं उजळलं, तसं शनिवारी सभागृहातही उजळलं नव्हतं! "आपणहून आली," मला म्हणतात. "भाऊ, ऐकलंत? कोणी सांगितलं नाही, कोणी मागितलं नाही, आपणहून आली माझी पोर." आणि त्या हसायला लागल्या, लेक रडायला लागली, पोरगं सालं उडवायला लागलं. आणि मी? मी मधे उभा. एवढा मोठा गुन्हा कबूल करायला गेलेला माणूस, कोणी रागवायला तयार नाही! त्या फोनबद्दल लेकीने तरी काहीतरी बोलावं की नाही? ती म्हणाली, "बसा ना, चहा टाकते." अहो, चार वर्षं तिची आई मी पळवली होती, आणि ती मला चहा विचारते. मला त्या घरात माझी शरम ठेवायला जागा मिळेना. परत घेऊन यावी लागली.

निघताना मात्र मावशी म्हणाल्या, "पण भाऊ, माझे सहा दिवस तुमच्याकडे राहिलेत हं. उद्यापासून धरा. उजवा गुडघा फार दुखतो माझा, त्याच्यासाठी करा."

तर सध्या ते चालू आहे. मनापासून करतो हो, खोटं कशाला सांगू, आता खोटं बोलायची ताकद नाही. नाव घेऊन करतो, रोज पहाटे. सहा दिवस होऊन गेले, आज अकरावा. आणि रोज आठ वाजता मावशींचा फोन येतो. तुम्हाला सांगतो, एक अक्षर प्रार्थना केली नव्हती तेव्हा चार वर्षं दुरावलेली लेक घरी आली, आणि आता गुडघे टेकून मागतोय तर काल सांगतात, "भाऊ, डावाही दुखायला लागला." मी म्हटलं, मावशी, मग मी बंद करू का? तर म्हणाल्या, "नको नको. गुडघ्याला मी गोळी घेतेय. तुम्ही आपली लागलेली सवय मोडू नका."